झाकणाच्या आतला आकडा

प्रिय तोफे,

घाबरू नकोस, पाकिटावर तुझं खरं नावच घातलंय. पोस्टमनला काय ठाऊक, की शाळेत तुझा आवाज इतका बारीक होता की हजेरी घेणाऱ्या सिस्टर तुझ्या नावाशी तीनतीनदा थांबायच्या, म्हणून मी तुला तोफ म्हणायला लागले! आणि तू मला फौजदार. साठ वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही; नोकरीच तुझी टेलिफोन एक्स्चेंजमधली, हाक मारली की तू आहेसच. आता सव्वा वर्ष झालं, तुझा नंबर फिरवायला हात धजत नाही.

आधी बातम्या. माझे गुडघे गेले. आपल्या जुनी घड्याळं जमवणाऱ्या मंडळाची बैठक आता तिसऱ्या मजल्यावर भरते, आणि लिफ्ट नाही. म्हाताऱ्यांच्या मंडळासाठी तिसरा मजला शोधणारा सेक्रेटरी अजून तोच, ज्याला तू 'कोट' म्हणायचीस. कोटही तोच, आणि टकळीही तीच: पुरुषांचं घड्याळ म्हणजे यंत्र, बायकांचं म्हणजे दागिना. परवा एका नव्या सभासदाने छान जुन्या सोन्याच्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवून आणली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत चढलेला तो पिवळेपणा, ते दोन बारीक डाग, त्यातच तर सगळा जीव होता. मी म्हटलं, अहो, आजोबांच्या फोटोला काळ्या मिशा काढून आणल्यात की काय! सगळे खो खो हसले. त्या माणसाने मान खाली घातली, घड्याळ डबीत ठेवलं आणि डबी बंद केली. असं डबीत जाणारं घड्याळ मी आधी एकदा बघितलं होतं.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, असं तू म्हणशील. म्हणजे म्हणणार नाहीस, नुसती बघशील. तर ऐक.

घड्याळजीकाकांच्या खणातून आपण घड्याळांची ती जोडी विकत घेतली, तो दिवस आठवतो ना? बोटाच्या नखाएवढी तबकडी, केसासारखे निळे काटे, अठरा कॅरेटची नाजूक पेटी. दोन्ही इतकी सारखी की काकांनाही भिंग लावल्याशिवाय ओळखू येईनात. तू म्हणालीस, तू आधी घे. तू जन्मभर हेच म्हणत आलीस, आणि मी जन्मभर आधी घेत आले. काकांनी दोन्ही उघडून दाखवली. यंत्रावर एक आकडा, झाकणाच्या आत तोच आकडा, म्हणजे कारखान्यातून निघालं तसंच घड्याळ. आकडे जुळले नाहीत तर ते जोडकाम, आणि जोडकाम अस्सल म्हणून पुढे करणारा माणूस आपल्यात खोट्या नोटा खपवणाऱ्यासारखा. तू दोन्ही आकडे एकदाच वाचलेस. तुला आयुष्यात दुसऱ्यांदा कधी काही वाचावं लागलं नाही. मी माझा आकडा पावतीवर लिहिला, पावती लॉकरमध्ये टाकली आणि विसरले.

मग सव्वा वर्षापूर्वीचं ते प्रदर्शन. बायकांच्या घड्याळांसाठी एक काचेचं कपाट मिळावं म्हणून आपण कोटाशी सात वर्षं भांडलो. भांडले मी, तू प्रत्येक अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिलास. कपाट मिळालं आणि तपासनीस कोण? मीच. तेहतीस वर्षं विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात काढलेली बाई. दुकान जळलं की जाळलं, हे राखेच्या वासावरून सांगते, अशी फुशारकी मीच मारत फिरायचे. त्या रविवारी टेबलाभोवती तीसएक माणसं होती. तुझं घड्याळ मी उघडलं, भिंग लावलं आणि यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचला. मग झाकणावरचा. दोन वेगळे.

तेव्हा तुला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. मैत्रीण होतीस तू माझी. पण आपलं माणूस म्हणून सोडलं असं कोणी म्हणू नये, याची मला भारी हौस. मी सगळ्यांदेखत म्हटलं, की मूळ झाकण कुठे गेलं ते बाईच सांगतील. सोनं आहे, सोन्याला पाय फुटतात. जिभेला हाड नसतं, पण माझ्या जिभेला त्या दिवशी सुळा होता. कोट हसला. तू भिंग मागून घेतलंस. झाकणाकडे बघितलंस, बराच वेळ. मग माझ्या मनगटाकडे बघितलंस, जिथे जोडीतलं दुसरं घड्याळ होतं. मला वाटलं, हेवा. मग तू 'बरं' म्हणालीस, घड्याळ डबीत ठेवलंस आणि गेलीस. तू गेल्यावर कोट म्हणाला, बघा, कबूलच केलं की! आणि मी, तुझी साठ वर्षांची मैत्रीण, मान डोलावली. माझं घड्याळ कपाटात लागलं. खाली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: सर्व भाग मूळचे. ते उघडून कोणी बघितलं नाही. तपासनिसाचं घड्याळ कोण तपासणार?

यंदा मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेसाठी मी एक लेख लिहिला. 'जोडकाम कसं ओळखावं'. त्यात 'एका जुन्या सभासद बाईंच्या' घड्याळाचं उदाहरण दिलं. नाव नाही, पण मंडळात जुन्या बायका आपण दोघीच होतो, तेव्हा नाव न घालण्यात कसला आलाय मोठेपणा! शेजारी अस्सल नमुना म्हणून माझ्या घड्याळाचा आतून फोटो द्यायचा होता. दुपारी खिडकीशी बसून मी माझं झाकण उघडलं. आकडे जुळेनात. आधी भिंग पुसलं. मग चष्मा पुसला. मग लॉकर गाठला आणि पावती आणली. यंत्र माझंच होतं. झाकणावर लेखात मीच उतरवलेला तुझ्या यंत्राचा आकडा होता. झाकण तुझं.

मग सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वी तू माझ्याकडे जेवायला आली होतीस आणि मी टेबलावर रुमाल पसरून दोन्ही घड्याळं एकदम उघडली, आतून पुसायला. तू म्हणालीस, काका सांगतात एका वेळी एकच उघडावं, दुसरं बंद असतानाच. मी म्हटलं, काकांचे हात म्हातारे झालेत, माझे नाहीत. त्याच हातांनी मी झाकणं अदलाबदल करून बसवली. त्या रविवारी तू भिंगातून माझा आकडा वाचलास, ओळखलास, आणि माझ्या मनगटाकडे बघितलंस. एक वाक्य बोलली असतीस, तर तीस माणसांसमोर मी तोंडघशी पडले असते. तू बोलली नाहीस. लबाडीचा आळ घेऊन जिना उतरलीस, आणि मी तुला तोफ म्हणते.

हे पत्र इथे संपलं असतं तर बरं होतं. हातून चूक झाली, उशिरा कळली, माफ कर, असं लिहून मोकळी झाले असते. पण मला हे कळून चार महिने झाले. त्या दिवशी लेख अजून माझ्या टेबलावरच होता. मी कोटाला फोन केला आणि सांगितलं, की फोटो अस्पष्ट आला, फोटोशिवाय छापा. एवढंच सांगितलं. लेख पाठवला, प्रूफं तपासली, त्यात एक अनुस्वारसुद्धा दुरुस्त केला. काल कळलं की पुस्तिका पोस्टात पडल्या. तू येणं सोडलंस, पण तुझी वर्गणी चालू आहे, म्हणून एक तुझ्याकडेही निघाली आहे. ती तुझ्या हातात माझ्या पत्राआधी पडू नये म्हणून सकाळपासून घाईने लिहिते आहे. मला सोडून बावन्न सभासद आहेत, बावन्न पत्रं लिहायची आहेत, हाताने, प्रत्येकात झाकण कुणी बदललं आणि कळूनही कोण गप्प बसलं ते. पहिलं तुझं. माझं घड्याळ उद्या काकांकडे नेऊन ठेवते. तुझं झाकण तेच काढतील, मी हात लावणार नाही. पुस्तिका आली की ती फेकून देऊ नकोस. पान अकरा उघड आणि पूर्ण वाच. सगळं माहीत असताना मी काय छापू दिलं, हे वाचल्याशिवाय तुला माझा राग नीट करता यायचा नाही. आणि तो तू एकदा तरी मोठ्या आवाजात करावास.

तुझीच,
फौजदार