कुणाला ऐकायला आलात?

नागोया,
४ ऑक्टोबर २००९

प्रिय स्वरूपा,

तुझी मेल येऊन तीन आठवडे झाले. रोज उघडते, वाचते आणि कुकर लावायचं निमित्त काढून बंद करते. मेलचं उत्तर मेलनेच द्यावं हे मलाही कळतं, पण सोबत एक कागद पाठवायचा आहे आणि हे हाताने लिहिल्याशिवाय माझ्याकडून पुरं व्हायचं नाही. तू विचारलंस ते अगदी सरळ आहे. सारंगला जाऊन वर्ष होतंय म्हणून इथले त्याचे गाण्यातले लोक पंधरा नोव्हेंबरला त्याच्या नावाने कार्यक्रम करताहेत आणि त्यांनी तुला आणि राधिकाला बोलावलंय. अप्पा म्हणतात, ज्या वाजवण्यापायी माझा मुलगा गेला ते बघायला नातीला न्यायचं नाही. आणि तू मला लिहितेस की ताई, नागोयाचं या संगीतात एवढं नाव आहे म्हणतात, ते खरं आहे का, एवढंच सांगा. खरं असेल तर पोरीला घेऊन येते, निदान बाबा कशासाठी तिथे गेला ते तिला दिसेल. खोटं असेल तर येत नाही, आणि त्याच्या गिटारचं नाव या घरात पुन्हा काढत नाही. याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे. तरी मला इतकी पानं लागणार आहेत, चिडू नकोस.

आठ वर्षं संसार करूनही तू त्याच्या वाजवण्याला रडगाणं म्हणायचीस. मीही म्हणायचे. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांतली, ट्रकवाल्यांची गाणी. त्यातलेच काही लोक रुसून बाजूला झाले, म्हणाले आम्हाला झगमगाट नको, मोडकी माणसं आहेत तशी गाऊ. त्याला म्हणायचं ऑल्टरनेटिव्ह कंट्री. सारंग टेक्ससला क्लायंटकडे आठ महिने होता तेव्हा एका बारमध्ये त्याने एक म्हातारा पाहिला, गिटार मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडीने वाजवणारा. तिथूनच मला फोन करून ओरडला, ताई, अगं ही तर आपली हवाईयन गिटार! अप्पांनी त्याला नवव्या वर्षी क्लासला घातलं होतं आणि गणपतीत सिनेमाची गाणी वाजवून तो स्टीलचे डबे बक्षीस आणायचा. दहावीनंतर ते वाद्य माळ्यावर गेलं. पुढे तोक्योत ओजिमाच्या तुमच्या दोन खोल्यांत, वॉशिंग मशीनच्या वर, तू त्याला जागा करून दिलीस. ते मी विसरलेले नाही.

आता नागोयाचं नाव कसं झालं ते सांगते. दोन हजार पाच साली इथे एक्स्पो भरलं, यंत्रमानव वगैरे दाखवणारं जागतिक प्रदर्शन. नरेंद्रची कंपनी मोटारींचं सॉफ्टवेअर करण्यात बुडालेली, नवरा घरी असा नाहीच, मी घरात बसून जपानीच्या परीक्षा देत होते. त्या वर्षी परदेशी लोकांसाठीच्या एका फुकट इंग्रजी मासिकाने एक्स्पोचा अंक काढला. त्यात पानभर लेख आला की नागोयाच्या इमाइके भागातल्या तळघरांत आशियातलं सर्वांत जिवंत ऑल्टरनेटिव्ह कंट्री वाजतं, रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते, लोक ओसाकाहून येतात. लेखाखाली नाव नव्हतं. तोक्योतल्या दोन वेबसाइटींनी तो उचलला, मग अमेरिकेतल्या कुणीतरी, आणि बघता बघता नागोयाला नाव मिळालं. ऑगस्टमध्ये तुम्ही तिघं एक्स्पो बघायला आलात तेव्हा ते पान सारंगच्या पाकिटात चार घड्या करून ठेवलेलं होतं. तू म्हणालीस, हा माणूस यंत्रमानव बघायला आलेलाच नाही. फेब्रुवारीत त्याने तोक्योची नोकरी सोडली आणि इथे एका लहान कंपनीत टेस्टिंगचं काम धरलं, पगार निम्मा, पण शनिवार-रविवार मोकळे. तू ओजिमातल्या मैत्रिणी सोडल्यास, धडपडून मिळवलेली शाळेतली नोकरी सोडलीस आणि माझ्यापासून चार स्टेशनांवर राहायला आलीस. मला किती आनंद झाला होता, ते आठवलं की आज माझीच मला लाज वाटते.

त्याचं वाजवणं कसं होतं हे मला कळायला वेळ लागला. इथले लोक फार तयारीचे, स्वरूपा. दातांच्या कवळ्या बनवणारा एक माणूस फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवतो आणि इंग्रजीत साधा पत्ता सांगू शकत नाही, पण गाताना टेक्ससचा हेल जसाच्या तसा. टोप्या तशाच, बूट तसेच, चूकसुद्धा मूळ रेकॉर्डमध्ये जिथे आहे तिथेच. सारंगला ते आधी फार आवडलं आणि मग खुपायला लागलं. तो कांडी सरकवताना मध्येच एखादा सूर असा घासून न्यायचा की मला क्लासमधले सर आठवायचे. त्याच्या बँडमध्ये एक पोस्टमन होता, तो सारंगला प्रताप-सान, म्हणजे प्रतापराव, म्हणून हाक मारायचा, का कुणास ठाऊक, कुठल्या तरी हिंदी सिनेमातलं नाव त्याच्या डोक्यात बसलेलं. तर त्याने एकदा ढोल थांबवून विचारलं, हे कुठून आणलंस? सारंगने सांगितलं, पुण्याहून. त्या दिवशी तो माझ्याकडे जेवायला आला आणि चार पोळ्या जास्त खाल्ल्या.

पण ऐकायला किती जण? आता ते सांगायलाच हवं. इथे तळघरातल्या त्या छोट्या हॉलला लाइव्ह हाउस म्हणतात. एका दुपारी पाच-सहा बँड वाजवतात. दारात मात्सुई-सान बसतात, साठीच्या बाई, चष्म्याला साखळी. तिकीट घेताना त्या प्रत्येकाला विचारतात, आज कुणाला ऐकायला आलात? आपण नाव सांगायचं, त्या कागदावर त्या बँडच्या खाली एक रेघ ओढतात. पुन्हा पुन्हा ज्याच्या खाली रेघ नाही त्याला पुढे बोलावणं येत नाही. हॉलमध्ये चाळीस डोकी असली तर त्यांतली तीस त्या दिवशीच वाजवणाऱ्यांची असतात, वाद्य उतरवून खाली येऊन बसलेली. उरलेले कुणाची बायको, कुणाचा ऑफिसातला मित्र. सगळ्या शहरात मिळून हे साठ-पासष्ट लोक आहेत आणि ते एकमेकांना ऐकतात. ओसाकाहून येतात ते वाजवायला येतात.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. या शहराचं नाव खोटं आहे. वाजवणारे खोटे नाहीत, नाव खोटं आहे.

तुला आठवतं, तू गेल्या वर्षी एप्रिलमध्ये राधिकाला घेऊन पुण्याला निघालीस त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे जेवायला होतीस. इथे भारतीय शाळा नाही, पोरगी आजीशी फोनवर जपानीत बोलते, सारंग शनिवार-रविवार घरात नाही, हे सगळं तू बोललीस आणि मग म्हणालीस, ताई, तो लेख लिहिणारा माणूस मला एकदा भेटायला हवा होता, त्याला विचारलं असतं की बाबा रे, तुझं आम्ही काय घोडं मारलं होतं? मी तुला आमटी वाढली.

तो लेख मी लिहिला होता, स्वरूपा.

घरबसल्या मिळालेलं ते माझं पहिलं काम. मासिकाच्या निमंत्रणावर गेले होते, त्यामुळे मात्सुई-सानने मला प्रश्न विचारलाच नाही, वाकून नमस्कार करून आत सोडलं. भरलेला हॉल पाहिला, सगळे सगळ्यांसाठी जीव तोडून टाळ्या वाजवताहेत हे पाहिलं, आणि मला ते प्रेक्षक वाटले. खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नाही, एवढं तरी मान. पण पुढच्या महिन्यात तिकीट काढून गेले, दारात प्रश्न आला, आणि आत बसल्यावर माझ्या डोळ्यांदेखत माझ्या रांगेतले लोक एकेक करून स्टेजवर चढले. तेव्हाच सगळं कळलं. संपादकाला सांगितलं तर तो हसला, म्हणाला अंक संपला, हॉटेलवाले अजून मागताहेत. मी गप्प बसले. लेखाचं सगळीकडे नाव होत होतं आणि ते मला आवडत होतं. सारंगने पाकिटातून पान काढून माझ्यासमोर उलगडलं तेव्हा त्याला एका वाक्यात थांबवता आलं असतं. तो म्हणाला, बघ ताई, कुणीतरी काय लिहिलंय, आणि मी ते वाचल्यासारखं केलं. भाऊ जवळ राहायला येईल हा लोभही होताच. परक्या गावात आपलं माणूस हवंसं वाटतं, तुला सांगायला नको.

गेल्या वर्षी तू गेल्यावर तो उतरत गेला. सप्टेंबरनंतर अमेरिकेतली मंदी इथे आली, मोटारींची मागणी बसली, त्याच्या कंपनीने दोघांना घरी पाठवलं आणि तिघांचं काम याच्यावर टाकलं. तरी रविवार सोडेना. नोव्हेंबरच्या आठ तारखेला राधिकाचा वाढदिवस होता, तुम्ही कॅमेऱ्यासमोर केक मांडून बसला होतात आणि हा आलाच नाही. मी माझ्या लॅपटॉपसमोर वेड्यासारखी त्याची वाट पाहत होते आणि राधिका जपानीत विचारत होती, बाबा अजून ऑफिसात आहे का? तो खरंच ऑफिसात होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, तालीम करत असणार. दुसऱ्या दिवशी रविवारी मी तणतणत इमाइकेला गेले. मात्सुई-सानने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला ऐकायला आलात? तीन वर्षं मी एकच नाव सांगत आले होते. किती तरी रविवारी त्याच्या बँडखाली तेवढी एकच रेघ असायची, मला ते माहीत होतं, त्याला माहीत होतं. त्या दिवशी मी कवळ्यांवाल्याच्या बँडचं नाव सांगितलं. म्हटलं, एकदा कोरा कागद बघू दे याला, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल आणि पुण्याचं तिकीट काढेल. मागच्या खुर्चीवर बसून त्याचं वाजवणं संपेपर्यंत थांबले आणि न भेटता घरी आले. त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. नवव्या दिवशी सकाळी भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर बाकावर बसल्या बसल्या त्याचं हृदय बंद पडलं. ऑफिसच्या पिशवीत डबा होता आणि खिशात ती पोलादी कांडी. पुढचं तुला माहीत आहे, अस्थी घेऊन नरेंद्र आला. मी आले नाही. आजारी होते असं तुम्हाला सांगितलं, पण मला तुझ्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

वर्षभर मी एकच गोष्ट धरून बसले आहे, की जाताना त्याच्या खाली एकही रेघ नव्हती, आणि असायची ती एकुलती एक मी पुसली. हे कुणाला सांगितलं नाही, नरेंद्रलाही नाही. तुझी मेल आली त्याच आठवड्यात मात्सुई-सानने मला बोलावून घेतलं. त्यांनी सगळ्या रविवारचे कागद जपून ठेवलेत, त्यांतला नऊ नोव्हेंबरचा माझ्यापुढे ठेवला. कवळ्यांवाल्याच्या नावाखाली एक रेघ रबराने खोडलेली आहे आणि सारंगच्या नावाखाली एक रेघ आहे. ती मात्सुई-सानच्या हातची नाही, जरा वाकडी आहे. त्यांनी सांगितलं, तो वाजवून झाल्यावर बाहेर आला, कागद पाहिला आणि विचारलं, ताई आली होती ना? त्या हो म्हणाल्या आणि मी कुठलं नाव सांगितलं तेही त्यांनी सांगितलं. तो हसला म्हणे. म्हणाला, ती माझी ताई आहे, ती दुसऱ्या कुणासाठी कशी येईल? आणि त्यांच्याकडून रबर मागून घेतलं. तो कागद सोबत ठेवला आहे. पंधरा तारखेला मी जाणार आहे, आणि दारात काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. तुम्ही दोघींनी यावं की नाही, हे मी सांगू शकत नाही. तो हक्क मी त्या लेखाबरोबरच घालवला. त्याची गिटार माझ्याकडे तांदळाच्या डब्यामागे उभी आहे, ती राधिकाची आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर फोन कर, मी उचलीन.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
नयनाताई