सरांच्या मांडीतला शेवटचा तंतू

तीर्थस्वरूप काकांना,

पुतणीचा वाकून नमस्कार. दाढेचं दुखणं थांबलं का? डॉक्टरकडे जायचं टाळून तुम्ही ती शेजाऱ्यांनाच दाखवत फिरता, असं काकूंकडून कळलं. इकडे मी खुशाल आहे; म्हणजे काल दुपारपर्यंत नव्हते, आता आहे.

मी इथे नक्की काय करते असं तुम्ही नेहमी विचारता (आणि उत्तर सुरू झालं की पेपर उघडता), म्हणून लिहूनच कळवते. माणसाच्या मांडीतून जाड सुईने स्नायूचा इवलासा तुकडा काढायचा, त्यातून केसाहून बारीक असा एकच तंतू सोडवायचा आणि त्याची टोकं दोन हुकांना चिकटवायची. वर कॅल्शियमचं पाणी सोडलं की शरीराबाहेरही तो आखडतो, आणि किती जोराने ओढतोय ते यंत्र सांगतं. आमची नवी पद्धत अशी, की त्याच वेळी त्यातून लेझरचा किरण जातो आणि पडद्यावर उजेडाचे पट्टे उमटतात. पट्टे सरकले की आतली वीण किती आवळली ते कळतं. ऐकायला सोपं आहे, करताना हात आपले राहत नाहीत.

काल समिती आली होती, आमची लॅब चालू ठेवायची की तिला कुलूप लावायचं ते ठरवायला. अध्यक्षबाई कपाळावर आठी घेऊनच जन्मल्या असाव्यात. स्नायू द्यायला कुणी तयार होईना, म्हणून सरांनी स्वतःचीच मांडी पुढे केली होती. (सर रोज पहाटे पळतात आणि दिवसभर ते सांगतात.) त्यातले बरेच तंतू माझ्या चिमट्यात तुटले, आणि समिती दारात आली तेव्हा धड असा एकच उरला होता.

त्याचं एक टोक चिकटलं. दुसरं हुकावर टेकवते न टेकवते तोच कुणीतरी दार आपटलं आणि ते सुटलं. सर पुटपुटले, "राहू दे, आपण त्यांना फोटो दाखवू." फोटो बघून कुणी लॅब चालू ठेवतं का? मी म्हटलं, "सर, फक्त कुणाला हलू देऊ नका." सगळे जागच्या जागी थिजले. समितीतल्या एका गृहस्थांना शिंक आली, ते नाक दाबून बाहेर पळाले. मी टोक पुन्हा उचललं, चिकटवलं आणि वाळेपर्यंत श्वास रोखून धरला. शेजारी बघते तर अध्यक्षबाईंनीही धरलेला. पाणी सोडलं. काहीच नाही. तरीही काही नाही. मग पट्टे सरकले आणि यंत्रावरची जोर दाखवणारी रेघ वर चढायला लागली. काका, मला रडूच फुटलं.

चढली, पण बेताचीच. बाई हळहळल्या, "अशक्त दिसतायत बिचारे. वय काय हो आजोबांचं?" सर अजून पन्नाशीलाही पोचलेले नाहीत. मला वाटलं, काहीतरी आकडा ठोकून वेळ मारून नेतील. पण त्यांचे कान लालबुंद झाले आणि ते म्हणाले, "आजोबा मीच." बाई पहिल्यांदा हसल्या. एका तंतूवरून माणूस जोखता येत नाही, हाताळताना तो दुखावलाही असेल, असं त्याच म्हणाल्या (माझ्याकडे बघत). लॅबला मुदतवाढ मिळाली, पण अट घालून: अजून माणसं तपासा, आणि त्यांत खरीखुरी वयस्कर माणसंही हवीत.

तुमची लाडकी,
बारकी

ता. क. अट नीट वाचलीत ना? या वयात तुमच्यासारखं ताठ चालणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे? मांडी आधी बधिर करतात, नंतर थोडी ठणकते म्हणे (मी दिलेली नाही, ऐकीव सांगतेय). नाही म्हणालात तरी राग नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात काकूंचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाल्या, "त्यांना कशाला त्रास? दिवसभर जिने मी चढते. माझीच मांडी घ्या." सरांनी त्यांचं नाव पक्कं करून टाकलंय. तुम्ही राखीव. येताना काकूंची पिशवी धरायला मात्र नक्की या.