सरकारी रस्ता, आमचं कुलूप

आबा, आपली गल्ली सिमेंटची झाली. सोसायटी खाजगी असली तरी आतला रस्ता सरकारी पैशातून करून मिळतो. थोडा वाटा आपला, बाकी सगळं सरकारचं. अट एवढीच की रस्ता सगळ्यांना खुला हवा. तुम्ही गेल्यानंतर गल्लीच्या तोंडाला लोखंडी गेट लागलंय. सरकारी साहेब पाहणीला येणार होते त्या सकाळी सगळ्यांनी मिळून ते बिजागऱ्यांवरून उचललं आणि पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली झाकलं. साहेबांना चहा-खमण दिलं. ‘गली सबके लिए खुल्ली है,’ आपल्या सोसायटीचा प्रमुख छातीवर हात ठेवून म्हणाला. हा कुणी परका नाही. मागच्या चाळीत आपल्या शेजारच्या खोलीत वाढलेला, आपल्याच तालुक्यातला.

रस्ता वाळला. गल्लीच्या तोंडाशी ‘जाहेर रस्तो’, म्हणजे सार्वजनिक रस्ता, अशी गुजराती पाटी लागली. मागच्या चाळीतली, लूमवर कापड विणणारी माणसं डबे घेऊन मधून जाऊ लागली, कारण सचिन गावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रिक्षा आपल्या नाक्यावरच मिळतात. ते आठवडाभरही कुणाला सोसलं नाही. प्रमुखाने मीटिंग बोलावली. ‘ग्रांट भेटनी, रस्ता व्हई गया. आते गेट लावा, नहीते मांगली चाळना लोके दिनभर येतीन.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण तर हसला. दुपारपर्यंत गेट परत बसलं, त्याला नवं कुलूप आलं आणि घरटी एक किल्ली आणि नारळाचा प्रसाद वाटला गेला. चाळीतली माणसं आता खाडीच्या कडेने, चिखलातून वळसा घालून जातात. मला किळस आली, आबा. सरकारच्या पैशाची चोरी मला नवी नाही, पण चाळीतून वर आलेल्यांनी चाळीचीच वाट अडवायची आणि वर प्रसाद वाटायचा, हे पाहून अन्न गोड लागेना.

आपण या घरात राहायला आलो तो आठवडा आठवतो. गल्ली मातीची, आई आत भाकरी थापतेय, आणि मी दोन खांबांना आडवी दोरी बांधून उभा आहे. चाळीतला एक कामगार सायकल घेऊन येतो, मी त्याला म्हणतो, ही आमची गल्ली आहे. तो मुकाट्याने सायकल वळवतो. तेवढ्यात तुम्ही रात्रपाळी करून येता, केसांत अजून कापसाचा भुसा. मारलं नाहीत. दोरी सोडली, गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणालात, ‘कालपावत आपन बी तठेच रहात व्हतूत. आज तू लगेच शेठ व्हई गया का?’ मग त्या माणसाला हाक मारून परत बोलावलंत. आईकडून त्याला पाणी देवविलंत. मी दिवसभर तोंड लपवत फिरलो.

आज सकाळी गेटपाशी एक बाई डबा घेऊन उभी होती, साडीला गुडघ्यापर्यंत चिखल. मी कुलूप काढलं. ती आत आली, चप्पल झटकली आणि हळूच म्हणाली, ‘भाऊ, उद्या बी उघडशात का?’

आबा, मी हो म्हणालो नाही. ती गेल्यावर कुलूप परत लावलं. गेट बंद असलं की माझी गाडी दारात निवांत उभी राहते, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागलंय.