पौर्णिमेची पाऊणकी

चि. गुरुनाथ यास पद्मिनीताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी सांग. निर्गुडीचा पाला बांधतोस की दाराला तोरण म्हणून लावून ठेवलायस? माझ्या तब्येतीचं म्हणशील तर बसल्या जागी ठीक असते, पण गाडीची किल्ली वाजली की छातीत धडधडायला लागतं. आपला हृषीकेश इथे परदेशात, ड्रोहेडा गावच्या हॉस्पिटलात, लोकांची छाती तपासतो. नातू म्हणून त्याने माझीही तपासली आणि म्हणाला, आजी, ग्रँड आहे. (इथे सगळंच ग्रँड असतं. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. हा शब्द ऐकला की मी आता घाबरते.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही आणि मला हे ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून नातसून अक्षयाला कागद घेऊन बसवलंय. मला अक्षर ओळखता येत नाही याचा फायदा घेऊन ती काही गाळेल, म्हणून शेवटी सगळं वाचून घेणार आहे.

तर हृषीकेशने नवी गाडी घेतली. फोर व्हील. म्हणजे काय रे, असं मी विचारलं, तर म्हणाला, आजी, हिची चारही चाकं ओढतात. मग इतकी वर्षं मी ज्यात बसले त्या गाड्यांची बाकीची चाकं काय नुसती सोबतीला होती? गाडी इतकी उंच की मला चढायला देवघरातला पाट लागतो. तो पाट आता गाडीतच असतो आणि देव खाली बसलेत. पूजा मी रीतीप्रमाणे केली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फुटपाथवर फोडला. शेजारची बाई धावत आली. तिला वाटलं माझ्या हातून पडला, म्हणून तिने सगळे तुकडे वेचून माझ्या ओच्यात घातले आणि म्हणाली, ग्रँड. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

मग गाडीला रान दाखवायचं ठरलं. चार दिवसांची सुट्टी, देशाच्या पार पश्चिमेला जायचं, कोनेमारा नावाच्या मुलखात, आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने खाली ट्रली गावापर्यंत. मी, हृषीकेश, अक्षया आणि माझी पणती पूर्वी. (पूर्वीला माझं सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. मी ओरडले तरी इंग्रजीत रुसते.) गुरुनाथ, तू आणि मी रान पाहिलंय. आपल्या रानात झाड असतं, माणूस असतो, निदान माणसाची म्हैस तरी असते. इथे मैलोन्‌मैल काळी ओली जमीन, एक झाड नाही, एक घर नाही, पाऊल टाकलं तर खालून डचमळते. रस्ता एका गाडीपुरता, त्याच्या मधोमध गवत उगवलेलं. ज्या रस्त्यावर गवत उगवतं त्यावरून कोण जात असेल, एवढंच मी विचारलं. समोरून दुधाचा टँकर आला. मग मागे जायची पाळी आली. एका बाजूला दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, खाली तळं. मी डोळे मिटले. अक्षयानेही मिटले होते. (लिही अक्षया, लाजू नकोस.) मेंढ्यांच्या पाठीवर निळा-तांबडा रंग फासलेला, त्या रस्त्यात बसून आमच्याकडे बघत होत्या. देवाला सोडलेल्या असाव्यात असं मला वाटलं आणि आम्हीही त्यांच्यातलेच असू असंही वाटलं.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही एका किनाऱ्यावर पोचलो. समोर बेट, आणि मधे अर्धा कोस नुसती वाळूची पुळण. सुकतीला, पाणी उतरलं की, लोक इथून गाड्या घालून बेटावर जातात म्हणे. भरतीला तिथे समुद्र असतो. काठावर एक पाटी होती. हृषीकेश उतरून पाटीपाशी गेला, परत आला आणि म्हणाला, पावसाने कागदाचा लगदा झालाय, फोनला रेंज नाही. आजी, तूच सांग, पाणी कधी येईल?

गुरुनाथ, मला किती बरं वाटलं ते तुला म्हणून सांगते. दोन वर्षं या देशात मी कुठलीही पाटी वाचू शकत नाही. बसचा नंबर मला पूर्वी सांगते, औषधाची बाटली अक्षया वाचते. आणि इतक्या लांब रानात एक पाटी अशी निघाली की जी वाचायला माझी गरज पडली. बाबांनी आपल्याला तरीच्या धक्क्यावर बसवून पाऊणकी पाठ करून घेतली होती ना? तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पौर्णिमेचा पांढरा गोल मी निघताना बघितला होता. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी बाराच्या आत भरती होऊन गेली, आता पाणी साडेपाचपर्यंत उतरतच जाणार. मी हात हलवून सांगितलं, घाल गाडी. याच हिशोबावर हृषीकेश लहानपणी सुट्टीत खाडीतून तिसऱ्या शिंपल्या काढायचा. एकदाही चुकला नव्हता.

बेट राहिलं बाजूला. पुळणीच्या मधोमध गाडी उभी करून हिचे फोटो काढायचे ठरले. समोरून एक, मागून एक, दार उघडून एक. फोटो संपेपर्यंत चहाचा थर्मास उघडला. पहिलं पूर्वीने बघितलं. ती काहीतरी बोलली, आईबाप दोघंही एकदम बेटाकडे वळले. मी मान वळवली. बेटाच्या या अंगाने एक पाण्याची जीभ येत होती आणि त्या अंगाने दुसरी. आवाज नाही, लाट नाही. मांजर दुधाकडे येतं तसं येत होतं.

हृषीकेशने सगळ्यांना आत कोंबून गाडी दामटली आणि ती चकाकत्या गुळगुळीत वाळूत गेली. चारही चाकं ओढतात म्हणाला होता. चारही चाकं खणायला लागली. अक्षयाने पूर्वीला कवटाळलं. हृषीकेश स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवत होता, लोकांच्या छात्या तपासणाऱ्या हातांनी. गुरुनाथ, मी नवरा जाताना पाहिला, पूर पाहिला, पण त्या पोरीला आत चढवताना तिच्या बुटाजवळून पाणी गेलं तेव्हा भ्याले तशी कधी भ्याले नव्हते. माझ्या शब्दावर ती तिथे होती.

मी दार उघडून उतरले. हृषीकेशचं जाकीट, नऊवारीचा काचा मारलेला, अनवाणी. पाणी इतकं थंड की पाय माझे आहेत की कापून ठेवलेत ते कळेना. आपल्या मावशीने शिवलेली गोधडी मी गाडीत पायांवर घेऊन बसायची, ती पुढच्या चाकांखाली अंथरली. त्याला म्हटलं, हळू, म्हाताऱ्या बैलासारखी. गाडी गोधडीवर चढली. मग मी पुढे आणि गाडी मागे. जिथे वाळूवर वळ्या उठल्यात तिथे ती घट्ट, जिथे आरशासारखी चकाकते तिथे गिळते, हे तुला सांगायला नको. वरून पाणी चढलं की दिसत नाही, तेव्हा तळव्याला विचारायचं. अर्धा कोस मी तळव्याला विचारत चालले. पोटऱ्या बुडाल्या. एकदा गुडघ्याला लागलं. मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर बसले असते.

काठावर एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आमच्याकडेच निघाला होता. आम्ही वर आलो, त्याने माझ्याकडे बघितलं, गाडीच्या पायरीवरून गळणाऱ्या पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, ग्रँड. त्याच्या बायकोने मला चुलीपाशी बसवून चहा पाजला. भली माणसं. घड्याळात पावणेचार झाले होते. सहाच्या सुमाराला त्यांच्या खिडकीतून बघितलं तर आम्ही फोटो काढले तिथे नुसता समुद्र होता.

ट्रलीला जाऊन आम्ही सुखरूप परत आलो. गाडीही ठीक आहे, गोधडी समुद्राने नेली. तेवढं सोडलं तर मजेत आहोत. सर्वांना आशीर्वाद.

तुझी ताई,
पद्मिनी

ता. क. मजेत आहोत हे मी सवयीने म्हटलं. परत आल्यापासून हृषीकेश मला काही विचारत नाही. चतुर्थी कधी, खोकल्याला काय द्यायचं, आमटीत कोकम किती, काहीच नाही. प्रेमाने बोलतो, शाल आणून देतो, विचारत नाही. तेव्हा तू रविवारी त्याला फोन कर आणि सांग की पाऊणकी खरीच आहे, पण ती आपल्या समुद्राची. दर समुद्राची वेळ निराळी, आणि बाबा नेहमी म्हणायचे की आधी पाण्याला विचारावं, मग आकड्याला. बाबा असं कधी म्हणाले नव्हते हे मलाही ठाऊक आहे. तू म्हण. तो काय म्हणतो ते तुला ऐकू आलं नाही तरी चालेल, तू फक्त बोलायचं.

ता. क. दुसरा. एवढं खोटं तुझ्याकडून बोलवून घेतेय, तर खरं सांगून टाकते. फोटोसाठी उतरले तेव्हा वहाणा काढल्या होत्या. वाळूतल्या भोकांतून बुडबुडे येत होते. पायाला कळलं होतं की पाणी चढतंय. पण पाऊणकी तोंडाने सांगून बसले होते, आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एक कप चहा संपेपर्यंत मी गप्प राहिले. आता मी पुळणीला नाही, त्या कपाला भिते.

मामाआजोबा, मी अक्षया. वरचं सगळं आजींना दोनदा वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. हे खालचं त्यांना वाचून दाखवणार नाही. पाटीवरच्या कागदाचा लगदा झाला नव्हता. काचेमागे सगळं स्वच्छ छापलेलं होतं, दुपारी बाराला ओहोटी, दीडनंतर गाडी घालू नये. हृषीकेशने ते वाचलं होतं. मला हे परवा सांगितलं. म्हणाला, वाचलं, पण आजीला विचारता यावं म्हणून लगदा म्हणालो, आणि तिने घाल म्हटल्यावर वाटलं की पाटी जुनी असेल, आजी कशी चुकेल? आजींना काही विचारायचं तो टाळतो, कारण त्या जे सांगतील ते तो पुन्हा ऐकेल, याची त्याला भीती वाटते. फोन कराच. पण आजींनी सांगितलेलं वाक्य बोलून झालं की त्याला एवढंच विचारा, काल आमटी आंबट का झाली होती. शनिवारी मी कोकम जास्त घालीन, म्हणजे त्याला आजींना विचारावंच लागेल. बाकी मी बघते.

आजी विचारतायत, अजून काय लिहितेस. मी म्हटलं, पत्ता.