दक्षिणेचा डबा

गुरुवार, ७ मे. सकाळी वारा. दुपारी शाळेत गेलो. संध्याकाळी स्वयंपाकघर झाडलं.

मार्लिसताईंना ऑर्व्हिलचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. मी बरा आहे. आर्डिस गेल्यावर बहिणीच्या नवऱ्याला तुम्ही ॲरिझोनात तुमच्याकडे खोली देऊ केलीत, त्याचे आभार मानायचे राहिले होते. घर विकत घ्यायचं म्हणून बघायला सोमवारी एक माणूस येणार आहे, जूनमध्ये मी येतोच, एवढंच लिहायचं होतं. पण आज जे घडलं त्याने मन अजून ठिकाणावर नाही.

आर्डिस दर गुरुवारी तिसरीच्या मुलांचा दिशांचा खेळ घ्यायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाई दिशा सांगणार, मुलं तिकडे पळणार, शेवटी पोचेल तो बाद. ती गेल्यापासून खेळ बंद होता. आता तो मी घ्यावा असं मुख्याध्यापिका कॉनीबाईंनी सुचवलं. (नाही म्हणायला शब्द सापडेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.) जन्म धान्याच्या कोठारावर काढलेल्या माणसाला उत्तर दिशा शोधायला होकायंत्र लागू नये, पण शिकवायचं म्हणजे पुरावा हवा, म्हणून ते नेलं आणि पोटाशी, पट्ट्याच्या लोखंडी बकलाजवळ धरलं. (सुई बकलाकडे ओढली जात होती, हे नंतर समजलं.) "उत्तर" म्हणून मी हात केला तिकडे एकही मूल गेलं नाही, सगळी कोठाराकडे पळाली. ब्रेना नावाची मुलगी परत येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, तुमचा हात चर्चकडे आहे. चर्च पूर्वेला असतं." मी होकायंत्र खिशात टाकलं.

मग "दक्षिण" म्हटलं. मैदानाच्या दक्षिणेला आमचं कुंपण. मुलं तिथे थांबतील असं कुणालाही वाटेल. ती फाटक उघडून, अंगणातून, मागच्या दाराने थेट माझ्या घरात शिरली. मी धापा टाकत पोचलो तर दाराबाहेर चिखलाचे बूट ओळीने काढून ठेवलेले (आपल्या भाच्यांना हे अजून जमलेलं नाही), आणि आत ब्रेना खुर्चीवर चढून आर्डिसचा बिस्किटांचा डबा उलटा करून बघत होती.

"रिकामा आहे," ती म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही नेहमी येता इथे?"

"दर गुरुवारी. दक्षिण शेवटी असते. पण बाई म्हणायच्या, आजोबांना सांगायचं नाही."

"डब्यात काही नसेल तर दक्षिणेला यायचं कशाला?" मागून एक मुलगा म्हणाला.

ताई, मी दारातच उभा राहिलो. इतकी वर्षं तो डबा रिकामा सापडला की आर्डिस माझ्याकडे बघून मान हलवायची. त्यावरून डॉक्टरांनी माझं गोड बंद केलं. नाताळच्या जेवणात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात, "ऑर्व्हिल, दुसऱ्यांसाठीही ठेवत जा जरा." मला वाटायचं, खात असेन बाबा मीच.

मुलांना ब्रेड-लोणी दिलं. त्यांनी सभ्यपणे खाल्लं, पण ही दक्षिण नव्हे, हे चेहऱ्यांवर दिसत होतं.

आपला,
ऑर्व्हिल

ता. क. आल्याच्या त्या बिस्किटांची कृती तुमच्या आईची, म्हणजे आता तुम्हालाच येते. पुढच्या गुरुवारच्या आत पाठवावी. भट्टी कशी पेटवायची तेही लिहावं.

आणखी एक. सोमवारच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं. तो फाटकाला कुलूप लावील. तुमची खोली तुम्ही शिवणकामाला घ्या. मी आत्ता उठून डबा धुतला, पुसला, आणि परत दक्षिणेच्या फळीवर ठेवला.