रूथमावशींचं झाड

पूर्णा
५ डिसेंबर

ती. आबांस,
भक्तीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. बिरूकाकाच्या फोनवरून बोलले असते, पण काका तुमच्या कानाशी ओरडून सांगणार, त्यातलं निम्मंही तुम्हाला ऐकू येणार नाही आणि उरलेलं तुम्ही मनाने घालणार. त्यापेक्षा आपली पत्रंच बरी. इथे सगळे खुशाल. यांची गाडीवरची ड्यूटी चालू आहे. पिंकी अंगणवाडीत रमली आहे आणि शेजारच्या रूथमावशींना आजी म्हणते.

त्याच रूथमावशींसाठी हे पत्र लिहितेय. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा याच बाईंनी मला सांभाळलं. पिंकीच्या वेळी डिंकाचे लाडू करून घातले तेही त्यांनीच. त्यांचे मालक शलमोनकाका रेल्वेत गार्ड होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता मावशींची नजर काचबिंदूने पार गेली आहे. मुलगा सिकंदराबादला असतो. तो नवीन वर्ष लागलं की त्यांना कायमचं घेऊन जाणार आणि इथलं घर बंद होणार. म्हणजे हा त्यांचा पूर्णेतला शेवटचा नाताळ.

नाताळात घरात झाड उभं करतात. मावशींकडे प्लास्टिकचं झाड आहे, ते माळ्यावर खोक्यात असतं. मी ते काढलं, पुसलं, दिव्यांची माळ घातली आणि त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी पानांवरून बोटं फिरवली आणि बाटली धुवायचा ब्रश आहे का गं हा, म्हणून हसल्या. मग म्हणाल्या, हे झाड डोळ्यांसाठी होतं, डोळे गेले, आता ठेव खोक्यात, यंदा झाड नको. बोलल्या हसतच, पण त्या दिवशी धड जेवल्या नाहीत. शलमोनकाका मालगाडीवरून येताना कुठून तरी सुरूची फांदी आणायचे आणि दार उघडलं की घरभर रानाचा वास यायचा, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं आहे.

यांचं म्हणणं, प्लास्टिकच्याच झाडाला अत्तर लावू. परभणीच्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीतलं रोप मिळतं, तेही बघून आले. गुडघ्याएवढं आहे आणि त्याला वास म्हणून नाही. आबा, तुमचा जन्म मेंढ्यांमागे रानात गेला. हाताला लागेल, नाकाला कळेल असं खरं झाड सुचवा. इथून जाताना मावशींना आपला नाताळ झाला असं वाटावं, एवढंच माझ्या मनात आहे.

आजीला नमस्कार सांगा. तुमची माया आहेच, तिच्यात खंड नको.

तुमची नात,
भक्ती


गोदाकाठचा मळा, ता. सोनपेठ
१० डिसेंबर

चि. सौ. भक्ती हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आजीला वाचून दाखवलं. कोंडाबाईचं म्हणणं असं की माणसं झाडाखाली राहतात हे ठीक, झाड माणसाच्या घरात राहायला येतं हे नवलच. मी तिला म्हणालो, आपल्या घरात थंडीची कोकरं झोपतात, तेव्हा आपण न बोललेलं बरं. शिवशंकररावांना सांग, अत्तर त्यांनी स्वतःला लावावं.

तुझं पत्र आल्यापासून मी झाडंच बघत हिंडतोय. आजवर झाडाकडे मेंढीचं तोंड घेऊन पाहिलं, पाला किती निघेल एवढंच. कुणाच्या बोटांसाठी झाड पाहायची ही पहिलीच वेळ. कडुनिंब न्यावा तर घरात गोवर आला असं शेजारी समजतील. शाळेच्या अंगणात मोरपंखी होती, पण विद्या येते म्हणून पोरांनी तिची पानं वह्यांत घालून घालून तिला पार बोडकी केली. सुरू आपल्या बाजूला नाही.

मग नदीच्या वळणावरची बाभळ आठवली. तू लहान असताना तिलाच तुझी झोळी बांधायचो. तिच्यावर अजून थोडी पिवळी फुलं आहेत, तोडल्या जागी डिंकाचा वास सुटतो, आणि चांदण्या अडकवायला दोरा लागणार नाही, काटे आहेत. आजी कुरकुरते की काटा कुणी हौसेने घरात नेतं का. तेव्हा मावशींना आधी विचार.

एक मात्र सांगून ठेवतो. घरात झाड उभं करतात असं तू लिहिलंस, त्यावरून मावशींच्या सणाचं झाड म्हणजे शेंडाच दिसतो. शेंडा मी देणार नाही. आम्ही पाल्यासाठी फांद्या उतरवतो, पण शेंड्याला आकडीचं पातं लावत नाही. वडिलांनी माझ्या हातात पहिल्यांदा आकडीची काठी दिली तेव्हा आधी हेच बजावलं होतं. शेंडा राहिला की झाड पुन्हा भरतं, आणि पुढच्या साली आपल्याला त्याच झाडाला तोंड दाखवायचं असतं. तर फांदीवर भागवून घ्या. बिरू घेऊन येईल.

मावशींना माझा नमस्कार सांग आणि आम्हा म्हाताऱ्यांवर असाच जीव लावत राहा.

तुझा,
आबा


पूर्णा
१८ डिसेंबर

ती. आबांस,
भक्तीचा सा. न. वि. वि.

काय झालं ते सांगते, पण आधी बिरूकाकाला बोलणार नाही असं मनात ठरवा.

काका फांदी घेऊन गंगाखेडहून पॅसेंजरने आला. फांदी कसली, अर्धं झाडच. डब्यात काट्यांच्या भीतीने सगळे लांब सरकले आणि मला लय ऐसपैस जागा मिळाली, असं सांगत काका खूश होता. मावशींना मी आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आमच्या प्रभूच्या डोक्यावर काट्यांचाच मुकुट घातला होता, मला काट्याचं काय विचारतेस.

दारातून फांदी आत जाईना, म्हणून अंगणात पाण्याच्या बादलीत उभी केली. मावशी तिच्यापाशी खुर्ची टाकून बसल्या. फुलं चेहऱ्याला लावली, तोडल्या जागी नाक नेलं आणि कितीतरी वेळ हलल्याच नाहीत. बोटाला काटा लागून रक्त आलं तरी हात काढला नाही. रान आलं गं घरी, असं हळूच म्हणाल्या. आबा, त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. सकाळी कापूस आणि चांदण्या लावायचं ठरवून आम्ही झोपलो.

सकाळी बादलीत नुसत्या काटक्या उभ्या होत्या. कॉलनीतल्या शेळ्यांनी पानं, फुलं, कोवळी साल, सगळं साफ केलं होतं. जन्मभर मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्या घरचे आपण, बाभळीचा पाला बिनराखणीचा अंगणात ठेवून निवांत झोपलो. बिरूकाका तोंडावर हात ठेवून उभा होता. आपलीबी अक्कल चरायला गेली, एवढंच म्हणाला. मावशींना पहाटे कुडुमकुडुम ऐकू आलं होतं, पण मीच अंगण झाडतेय असं त्यांना वाटलं. कळल्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसू थांबलं आणि पाणी मात्र थांबलं नाही.

यांचं म्हणणं, शेळ्या खात नाहीत हा तरी प्लास्टिकच्या झाडाचा गुण मान्य करा. मावशी पुन्हा म्हणतात, राहू दे. सिकंदराबादला मुलाच्या बिल्डिंगमध्ये खाली मोठं चमकतं झाड उभारतात, आता दर वर्षी कुणीतरी मला त्याच्याशेजारी खुर्चीवर बसवील. त्या हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला ते सोसेना. अजून एक फांदी मिळेल का? या खेपेला मी रात्रभर राखण बसेन.

पत्राची वाट पाहतेय. ओढ आहे, ती तशीच ठेवा.

तुमची नात,
भक्ती


गोदाकाठचा मळा, ता. सोनपेठ
२१ डिसेंबर

चि. सौ. भक्ती हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

घाई आहे म्हणून बिरू या पत्राचा फोटो काढून तुझ्या फोनवर टाकतोय. त्याला मी काही बोललो नाही. आजी बोलली, तेवढं पुरे झालं.

दुसरी फांदी देत नाही. रागावू नकोस, कारण ऐक. तुझं पत्र वाचून दिवस कलताना मी आकडी घेऊन बाभळीकडे गेलो. काठी वर उचलली आणि भोरड्या आल्या. ज्वारीवर पडणारी ती काळ्या डोक्याची, गुलाबी अंगाची पाखरं, तुला माहीत आहेत. सगळी उमर मी त्यांना गोफणीने हाकललं, शिव्या घातल्या, पण थांबून पाहिलं असं कधी केलं नाही. त्या दिवशी हातात गोफण नव्हती म्हणून पाहिलं.

नदीपलीकडून एक काळा पट्टा उठला. आभाळात वळला, वळताना गुलाबी झाला, पुन्हा काळा झाला, आणि बघता बघता सगळा बाभळीवर उतरला. पानं दिसेनात. बुंध्याच्या वरपासून शेंड्याच्या टोकापर्यंत पाखरंच. मी फांदी तोडली तिथलं भगदाडसुद्धा दिसेना. भक्ती, मी आकडी खाली ठेवली आणि हात जोडले. कुणाला जोडले ते मला ठाऊक नाही.

तुम्ही झाड सजवायचं म्हणता, ते इथे सजून उभं आहे. ते पूर्णेला यायचं नाही, मावशींना इकडे आण. त्यांना दिसणार नाही असं म्हणशील. मला तरी कुठे ऐकू आलं, पण माझा ऊर भरून आला. खोडाला हात लावला तर आतून थरथर लागत होती. नाताळच्या दिवशी त्यांचं चर्च झालं की निघा. आजी कोंबड्याचं कालवण करणार आहे. मुक्काम करायचा, परत जायची भाषा नाही.

वाट पाहतो. आल्यावर लोभ समोरासमोर होईलच.

तुझा,
आबा


सिकंदराबाद
१२ जानेवारी

भक्तीचे आबा श्री. बन्सीधरराव यांस,
रूथबाईचा सप्रेम नमस्कार.

मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. तिचं मराठी शाळेतलं नाही, माझ्याकडूनच शिकलेली आहे, तेव्हा चुका माझ्या समजा.

मी इथे सुखरूप पोचले. सगळे जपतात. खालच्या हॉलमध्ये छताला टेकणारं प्लास्टिकचं झाड अजून उभं आहे, सुनेने मला हात धरून दाखवलं. छान आहे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. लहान मुलं त्याच्याभोवती नाचतात, त्यांचा आनंद काही प्लास्टिकचा नाही.

पण माझं मन तुमच्या नदीवर आहे. नाताळच्या त्या संध्याकाळी तुम्ही मला सगळं दाखवलंत. आता वळल्या, आता गुलाबी झाल्या, आता शेंड्यावर बसल्या, असं मोठमोठ्याने सांगत होता. मला मात्र तुम्हाला काहीच सांगता आलं नाही. मी बोलले असते तर ते तुम्हाला ऐकू गेलं नसतं आणि लिहून दाखवायला माझ्याजवळ डोळे नाहीत. ते राहिलेलं आज लिहून पाठवते.

आधी लांबून वाऱ्यासारखं आलं. मग डोक्यावरून गेल्या तेव्हा चर्चमध्ये गाणं म्हणायला सगळी माणसं एकदम उठून उभी राहतात ना, लुगडी, धोतरं, बाकं सगळ्यांचा मिळून आवाज होतो, तसा आवाज झाला. मी नकळत उभी राहिले. मग त्या उतरू लागल्या. तापल्या तेलात मोहरी पडावी तसं आधी एका बाजूला तडतडलं, मग सगळं झाड तडतडू लागलं. हजारो जणी एकदम बोलत होत्या आणि प्रत्येकीला काहीतरी सांगायचं होतं. तुम्ही माझा हात खोडावर ठेवलात तेव्हा तो आवाज माझ्या तळव्यातून वर आला. आणि मग, बन्सीधरराव, सगळ्या एका क्षणात गप्प झाल्या. कुणी बोट उचलून सांगावं तशा. त्या शांततेत तुमच्या बिरूच्या मेंढ्या रवंथ करताना ऐकू आल्या.

आमच्या नाताळच्या गोष्टीत प्रभूच्या जन्माची बातमी सगळ्यांत आधी रानातल्या मेंढपाळांना कळते. लहानपणापासून ऐकत आले, आणि का ते कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मला ते कळलं असं वाटतं. नीट सांगता येणार नाही.

आमच्या यांनी आणलेल्या सुरूच्या फांदीनंतर माझ्या वाट्याला खरं झाड आलं ते हेच. कोंडाबाईंना सलाम. त्यांनी मला पांघरायला दिलेल्या घोंगडीचा वास माझ्या शालीला अजून आहे, मी ती धुवू देत नाही.

पाखरं अजून येतात का ते कळवा. आठवण ठेवून असा.

आपली,
रूथबाई


गोदाकाठचा मळा, ता. सोनपेठ
२० जानेवारी

श्रीमती रूथबाई यांस,
बन्सीधरचा सप्रेम नमस्कार.

तुमच्या नातीचं अक्षर माझ्या नातीपेक्षा बरं आहे. हे भक्तीला कळवू नका.

पाखरं रोज येतात. आमच्या ज्वारीचा हुरडा त्यांनीच आधी खाल्ला. कोंडाबाई म्हणते, तुमी पावण्यांसारखं त्यांच्याकडं बघत बसा, म्या गोफण घेते. ती घेतेसुद्धा, पण दिवसाच. दिवस कलला की तिचीही गोफण खाली येते.

तुमचं पत्र आधी घरात वाचलं. कळलं, पण पोचलं नाही. मग संध्याकाळी ते घेऊन बाभळीखाली गेलो. भोरड्या आल्या. मी एक ओळ वाचायचो आणि वर पाहायचो. माणसं उठून उभी राहतात असं लिहिलंय तिथे त्या डोक्यावरून वळत होत्या. मोहरीपाशी आलो तेव्हा फांद्यांवर टेकत होत्या. सगळ्या एका क्षणात गप्प झाल्या ही ओळ वाचून वर पाहिलं, तर झाडावर एक पंख हलत नव्हता.

माझे कान गेल्यापासून ही पाखरं माझ्यासाठी मुकी होती. रूथबाई, काल मला ती ऐकू आली. मी झाडाखाली मोठ्याने रडत होतो असं कोंडाबाई सांगते. ते मला ऐकू आलं नाही, म्हणून मी मान्य करत नाही.

भोरड्या होळीच्या सुमाराला जातील आणि थंडीबरोबर परत येतील. तोडलेल्या जागी बाभळीला नवे धुमारे फुटलेत. शेंडा जागेवर आहे. पुढच्या नाताळाला भक्ती तुम्हाला घेऊन येणार, तसं तिने मला पत्राने बजावलं आहे. येणं झालं नाही, तर त्या दिवशी सूर्य मावळताना नातीकडून हे पत्र वाचून घ्या. मी त्या वेळी खोडाला हात लावून तुमचं पत्र वाचत असेन.

आता ओळख झाली आहे, ती दोन्ही बाजूंनी राखू.

आपला,
बन्सीधर