अंधारात संपणारं स्तोत्र

९ ऑक्टोबर

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. आम्ही इकडे ठीक आहोत. भाऊजींची कंबर कशी आहे? ह्यांना आता सकाळची पाळी मिळालीय, त्यामुळे संध्याकाळी दोघंही घरात असतो. बोलतो कमीच.

मी अजून इस्पितळाच्या धुलाईघरातच. चादरी काही संपत नाहीत बघ. इस्त्रीच्या वाफेनं केस मात्र फुकटात कुरळे झालेत.

डोळ्यांच्या वॉर्डात एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मी चादरी ठेवायला गेले तर म्हणाल्या, "बाई, वाचता येतं ना? मग जेवणाच्या सुट्टीत मला बायबलातली स्तोत्रसंहिता वाचून दाखव." नाही कसं म्हणू? माझी चिमणी गेल्यापासून मी पवित्र शास्त्र उघडलंच नव्हतं, हे त्यांना कुठं सांगत बसू?

रोज दोन-तीन स्तोत्रं वाचायचे. तोंड वाचायचं, मन कोरडं. मग अठ्ठ्याऐंशीवं आलं. तो माणूस देवाला हाका मारतोय, तू तोंड का लपवतोस म्हणून विचारतोय, आणि शेवटी नुसता अंधार. ओळी गळल्यात की काय म्हणून मी पान उलटून पाहिलं.

"संपलं ते," त्या म्हणाल्या.

"असं कसं संपेल? उत्तरच नाही आलं."

"नाही आलं. तरी कुणी ते फाडून टाकलं नाही. देवाच्या पुस्तकात जपून ठेवलंय."

ताई, मी तिथंच चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी चाचपडत माझा हात धरला, "उगी" सुद्धा म्हणाल्या नाहीत.

दफनभूमीत तू म्हणालीस, "देवाची मर्जी, रडू नकोस." आणि मी चारचौघांदेखत म्हटलं, "तुझी दोन्ही लेकरं जिवंत आहेत, तुला बोलायला काय जातं?" तुझा पांढराफटक चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तू चुकलीसच. पण चिमणीच्या तापात माझ्याबरोबर उशाशी बसली होतीस तीही तूच. मला माफ कर.

आणखी एक. मला पाचवा महिना आहे. ह्यांच्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पोटात हललं की आनंद होतो, आणि लगेच चिमणीशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. भीती तर वेगळीच. शेवटी मास्तरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढं एका स्तोत्रात दिवा आहे, तो पावलांपुरता. अख्खा रस्ता कुणालाच दिसत नाही गं. आज कुठलं पाऊल दिसतंय?"

मला तू दिसलीस.

परवा त्यांच्या पट्ट्या निघाल्या. मला बघून हसल्या, "आवाजावरून मी तुला म्हातारी समजत होते!" त्या घरी गेल्या. मी आता कामावरून आल्यावर घरीच मोठ्यानं वाचते. काल हे येऊन शेजारी बसले आणि म्हणाले, "ते देवाशी भांडणारं पुन्हा वाच." मग आम्ही दोघं चिमणीबद्दल बोललो, तिचं नाव घेऊन.

ताई, बाळंतपणाला ये. जमलं तर आधीच ये. समजूत घालू नकोस, नुसती जवळ बस.

अजून पुरती सावरले नाही, पण हाक मारू लागलेली,
तुझीच धाकटी